सूर्यनमस्कारांपायी लोकांनी ज्या राजाची थट्टा केली, त्याचं म्हणणं लिव्हरच्या बाबतीत खरं निघालं

बिबवेवाडीत सकाळी सहा-साडेसहाला बाहेर पडलात तर ठरलेली मंडळी दिसतात. कुणी सोसायटीच्या पार्किंगमध्ये फेऱ्या मारतंय, कुणी गच्चीवर मॅट अंथरतंय, कुणी कानात इअरफोन घालून चढावर झपाझप चालतंय.

यातल्या बऱ्याच जणांच्या कपाटात एक सोनोग्राफीचा रिपोर्ट असतो. त्यात एक ओळ असते, फॅटी लिव्हर, ग्रेड वन. डॉक्टरांनी सांगितलेलं असतं की गोड कमी करा, तेलकट कमी करा आणि रोज व्यायाम करा.

आता जरा विचार करा. चालतात पाय. वाकते कंबर. जोर मारताना ताण येतो खांद्यांवर आणि छातीवर. लिव्हर तर उजव्या बरगड्यांखाली गुपचूप बसलेलं असतं, त्याला कुणी हातही लावत नाही. मग पायांनी घाम गाळला ही बातमी लिव्हरला कळते कशी? आणि ती कळल्यावर तिथली चरबी कमी का होते?

याचं उत्तर शास्त्रज्ञांना तुकड्यातुकड्यांनी मिळालं. त्यातले महत्त्वाचे तुकडे तर गेल्या पंचवीसेक वर्षांतलेच आहेत. पण हातपाय नेमाने हलवले की पोटातले अवयवही सुधारतात, असं शंभर वर्षांपूर्वी आपल्याच भागातला एक माणूस छातीठोकपणे सांगत होता. तो नुसता सांगत नव्हता, आपल्या सगळ्या शाळांमधल्या पोरांकडून रोज करून घेत होता.

त्याबद्दल त्याची थट्टा झाली, त्याच्या या नादावर नाटकसुद्धा आलं.

हा माणूस म्हणजे औंध संस्थानचे राजे, भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी.

हे औंध कुठलं?

बिबवेवाडीतून औंधला जायचं म्हटलं की पुणेकर विद्यापीठाच्या दिशेची बस पकडतो. पण हे औंध ते नाही.

या औंधला जायचं तर बिबवेवाडीला लागून जाणारा सातारा रोड धरायचा, कात्रजचा घाट ओलांडायचा, सातारा जिल्ह्यात शिरायचं आणि खटाव तालुका गाठायचा. यमाई देवीच्या डोंगराच्या पायथ्याशी हे गाव आहे. छत्रपतींच्या दरबारात पंतप्रतिनिधी हे पद सांभाळणाऱ्या घराण्याचं हे संस्थान. गावं ७२, तीही सलग नाहीत, इकडेतिकडे विखुरलेली.

भवानरावांचा जन्म २४ ऑक्टोबर १८६८ चा. लोक त्यांना बाळासाहेब म्हणायचे. शिक्षण साताऱ्यात आणि मग पुण्याच्या डेक्कन कॉलेजात झालं. ते बी. ए. झाले. त्यांना चित्रकलेची आवड होती, कीर्तनाची आवड होती आणि तब्येत कमावण्याची तर भलतीच आवड होती.

आधी सँडो, मग सूर्यनमस्कार

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जगभर एका पैलवानाचं नाव गाजत होतं, युजेन सँडो. जर्मनीतून इंग्लंडला गेलेला हा माणूस पिळदार शरीराचे जाहीर प्रयोग करायचा, व्यायामाची पुस्तकं लिहायचा आणि डंबेलसारखी साधनं विकायचा. आपण बिनबाह्यांच्या बनियनला सँडो म्हणतो ते याच्याच नावावरून.

१८९७ च्या सुमारास भवानरावांनी सँडोची पुस्तकं आणि साधनं मागवली. पुढची दहाएक वर्षं त्यांनी त्याच पद्धतीने व्यायाम केला.

त्यानंतर मात्र ते वळले सूर्यनमस्काराकडे. मिरजेच्या राजेसाहेबांचं उदाहरण त्यांच्यासमोर होतं. शिवाय नमस्कार महाराष्ट्राला नवे नव्हतेच. समर्थ रामदासांच्या परंपरेशी त्यांचं नातं सांगितलं जायचं, आखाड्यात आणि वाड्यावाड्यांत ते घातले जायचे.

भवानरावांना त्यात मोठा फायदा दिसला तो असा की नमस्काराला साधन लागत नाही. डंबेल विकत घ्यायला नको, आखाडा खणायला नको. एका माणसापुरती जागा असली की झालं. म्हणजे जो व्यायाम राजा करू शकतो, तोच शेतकऱ्याच्या पोरालाही करता येतो.

१९०९ साली, वयाच्या ४१ व्या वर्षी, ते गादीवर बसले. आता हातात ७२ गावं होती आणि डोक्यात एक कल्पना पक्की बसली होती.

राजाने शाळेचं वेळापत्रकच बदललं

भवानरावांनी औंध संस्थानातल्या शाळांमध्ये सूर्यनमस्कार सक्तीचे केले. मुलांना आणि मुलींनाही. बायकांनी व्यायाम करायचा, ही गोष्टच त्या काळी अनेकांच्या पचनी पडणारी नव्हती. राजेसाहेब मात्र बायकांनी नमस्कार घातलेच पाहिजेत असं लिहून-बोलून सांगत राहिले.

त्यांनी नमस्काराला एक ठरीव साचा दिला. दहा स्थिती, प्रत्येक स्थितीला श्वास कसा घ्यायचा आणि सोडायचा ते ठरलेलं, सोबत मंत्र. त्यावर त्यांनी मराठीत आणि इंग्रजीत पुस्तकं काढली. औंधला येऊन राहिलेले चित्रकार आणि वेदाभ्यासक श्रीपाद दामोदर सातवळेकर यांनीही नमस्कारांचा प्रचार चालवला.

एक गंमत इथे लक्षात घ्या. आज सूर्यनमस्कार म्हटलं की आपल्याला योगासनं आठवतात. त्या काळात मात्र नमस्कार ही मुख्यतः व्यायामाची गोष्ट होती, जोर-बैठकांच्या पंगतीतली. आज जगभरच्या योगवर्गांत नमस्काराने सुरुवात होते, त्यामागे औंधच्या या प्रचाराचा मोठा हात आहे असं योगाचा इतिहास लिहिणारे अभ्यासक मानतात.

आणि भवानरावांचा दावा काय होता? नमस्कार नुसते दंड-मांड्या फुगवण्यासाठी नाहीत. त्यांनी पोट, आतडी, फुप्फुसं, हृदय असं आतलं सगळंच सुधारतं. माणूस निरोगी राहतो, म्हातारपण लांबतं.

इथेच लोकांना हसू यायला लागलं.

अत्रेंच्या नाटकातली थट्टा

१९३३ साली आचार्य अत्रेंचं ‘साष्टांग नमस्कार’ हे नाटक रंगभूमीवर आलं. त्यातल्या रावबहादुरांना नमस्कारांचं वेड असतं. जगातल्या कुठल्याही दुखण्यावर त्यांच्याकडे एकच इलाज, नमस्कार घाला.

त्या वेळी औंधच्या राजेसाहेबांमुळे महाराष्ट्रात नमस्कारांची लाट आलेली होती. त्यामुळे प्रेक्षकांना रोख कुणाकडे आहे हे सांगावं लागलं नाही. थिएटर खदखदून हसायचं.

अत्रेंची थट्टा बिनबुडाची नव्हती. एकाच गोष्टीने सगळे रोग बरे होतात असं कुणी म्हणायला लागलं की शंका यायलाच हवी. भवानरावांच्या दाव्यांमागे उत्साह होता, अनुभव होता, पण मोजमाप नव्हतं. नमस्कार घालणाऱ्या आणि न घालणाऱ्यांची तुलना करून, रक्त तपासून काढलेले ते निष्कर्ष नव्हते.

पण याच सुमारास, औंधपासून हजारो मैलांवर, स्नायू आणि लिव्हर यांच्यातला पहिला धागा सापडलेला होता. नवराबायकोच्या एका जोडीला.

स्नायूंनी पाठवलेलं पहिलं पत्र

कार्ल आणि गर्टी कोरी. दोघंही १८९६ साली प्रागमध्ये जन्मलेले, दोघंही डॉक्टर, १९२२ मध्ये अमेरिकेतल्या बफेलो शहरात गेलेले.

त्यांच्या आधी, १८५० च्या दशकात, फ्रान्सच्या क्लोद बर्नार यांनी दाखवलं होतं की लिव्हर साखर साठवतं आणि गरज पडली की रक्तात सोडतं. या साठ्याला ग्लायकोजेन म्हणतात. धडधाकट माणसाच्या लिव्हरमध्ये तो साधारण १०० ग्रॅम असतो, आणि सगळ्या स्नायूंमध्ये मिळून ४०० ग्रॅमच्या आसपास.

कोरी दांपत्याने १९२९ मध्ये यातली पुढची साखळी मांडली. ती अशी.

तुम्ही भराभर नमस्कार घालता. मांड्यांना झटपट ताकद लागते. स्नायू साखर फोडतो आणि त्यातून लॅक्टेट तयार होतं. हे लॅक्टेट रक्तात उतरतं आणि पोहोचतं थेट लिव्हरपाशी. लिव्हर ते उचलतं, त्याची पुन्हा साखर बनवतं आणि ती साखर परत स्नायूंकडे धाडतं. या फेऱ्याला आज कोरी चक्र म्हणतात. १९४७ मध्ये दोघांना नोबेल मिळालं.

आता यात चरबीचा संबंध कुठे आला?

इथे हिशोब बघा. एका साखरेच्या रेणूपासून लॅक्टेट बनवताना स्नायूला ऊर्जेची दोन नाणी मिळतात. या नाण्यांना एटीपी म्हणतात. पण त्याच लॅक्टेटची परत साखर करायला लिव्हरला सहा नाणी मोजावी लागतात. म्हणजे स्नायूची उधारी लिव्हर फेडतं, तीही तिप्पट.

ही नाणी लिव्हर आणतं कुठून? मुख्यतः चरबी जाळून.

म्हणजे पळतात पाय, पण चूल लिव्हरमध्येही पेटते. औंधच्या शाळेत पोरं नमस्कार घालत होती तेव्हा त्यांच्या पोटात हेच चाललं होतं. हे मुलांना ठाऊक नव्हतं आणि राजेसाहेबांनाही.

राजा लंडनला पोहोचला

थट्टा झाली म्हणून भवानराव थांबले नाहीत. १९३६ मध्ये ते इंग्लंडला गेले. वय ६८ च्या घरात, पण शरीर ताठ. लुईस मॉर्गन या पत्रकार बाईंना या राजाच्या व्यायामात रस वाटला. त्यांनी त्याबद्दल तिथल्या वृत्तपत्रात लिहिलं आणि १९३८ मध्ये राजेसाहेबांचं ‘द टेन पॉइंट वे टू हेल्थ’ हे पुस्तक संपादित केलं. लंडनहून निघालेल्या या पुस्तकाने सूर्यनमस्कार तिथल्या वाचकांपर्यंत नेला.

बाकी आयुष्यातही हा माणूस असाच होता. एखादी गोष्ट पटली की ती स्वतःपासून सुरू करायची.

१९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी जागा हवी होती, तेव्हा भवानरावांनी कुंडलजवळचा माळ आणि कर्जाऊ पैसे दिले. तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती सुरू झाली त्याला त्यांनी आर्थिक पाठबळ दिलं, त्यासाठी चित्रंही काढली. १९३५ साली इंदूरच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते.

१९३८ मध्ये तर त्यांनी आपली सत्ताच प्रजेला देऊन टाकायचं जाहीर केलं. महात्मा गांधींच्या सल्ल्याने आणि मॉरिस फ्रिडमन या पोलिश इंजिनिअरच्या मदतीने राज्यघटना तयार झाली, आणि जानेवारी १९३९ मध्ये औंधमध्ये लोकांचं राज्य आलं. देश स्वतंत्र व्हायच्या आठ वर्षं आधी. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत याच काळातली. व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ तिच्यावरूनच सुचला.

१९४८ मध्ये औंध संस्थान विलीन झालं. १३ एप्रिल १९५१ रोजी, वयाच्या ८२ व्या वर्षी, भवानराव गेले.

नमस्काराने आतले अवयव सुधारतात हा त्यांचा दावा मात्र तसाच अधांतरी राहिला. ना कुणी सिद्ध केला, ना कुणी नीट खोडला.

त्यांच्यानंतर सापडलेला निरोप्या

कोरी चक्र कळलं तरी एक कोडं शिल्लक होतं. व्यायाम सुरू झाला की लिव्हर इतक्या पटकन कामाला लागतं, मग नुसत्या लॅक्टेटवरच सगळं चालतं का?

१९६१ मध्ये अमेरिकेतल्या गोल्डस्टाइन यांनी म्हटलं की आकुंचन पावणारा स्नायू रक्तात असं काहीतरी सोडत असावा, जे शरीरातल्या साखरेच्या कारभारावर परिणाम करतं. हे काहीतरी नेमकं काय, याचा शोध पुढची चाळीस वर्षं चालला.

२००० साली डेन्मार्कमध्ये बेंटे क्लारलुंड पेडरसन यांच्या गटाला एक निरोप्या सापडला. त्यांनी व्यायाम करणाऱ्या पायात जाणारं आणि पायातून बाहेर येणारं रक्त तपासलं. बाहेर येणाऱ्या रक्तात इंटरल्यूकिन-६ नावाचं प्रथिन वाढलेलं होतं. म्हणजे ते स्नायूच सोडत होता.

या प्रथिनाचं नाव तोवर बदनाम होतं. आजारपणात, सूज आली की ते रक्तात वाढतं एवढंच माहीत होतं. आता कळलं की घाम गाळणारा स्नायूही ते सोडतो आणि त्या वेळी त्याचं काम वेगळं असतं. लिव्हरला साखर सोड आणि चरबीच्या पेशींना साठा मोकळा कर, असा निरोप ते पोहोचवतं. स्नायूंतून निघणाऱ्या अशा निरोप्यांना मायोकाइन हे नाव मिळालं.

स्नायू म्हणजे नुसता हाडं ओढणारा दोर नाही, तो रक्तात रसायनं सोडणारा अवयव आहे, हे त्यातून पक्कं झालं.

२०१९ मध्ये डेन्मार्कमध्येच एक भारी प्रयोग झाला. पोट सुटलेल्या लोकांना १२ आठवडे सायकल चालवायला लावली. त्यातल्या काहींना असं औषध दिलं, जे इंटरल्यूकिन-६ चा निरोप पेशींपर्यंत पोहोचू देत नाही. सायकल दोन्ही गटांनी चालवली. पण पोटातल्या अवयवांभोवतीची चरबी कमी झाली ती औषध न घेतलेल्यांची. ज्यांचा निरोपच अडवला होता, त्यांची ती चरबी घटली नाही.

ही पोटातली चरबी लिव्हरच्या दृष्टीने फार महत्त्वाची. कारण आतड्यांभोवतीच्या चरबीतून निघालेलं रक्त आधी लिव्हरकडेच जातं.

चार वाटांनी जाणारी बातमी

तर मग सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर. पायांची बातमी लिव्हरपर्यंत जाते ती एका वाटेने नाही.

पहिली वाट लॅक्टेटची. स्नायूचं लॅक्टेट निस्तरताना लिव्हर चरबी जाळतं.

दुसरी वाट हार्मोनची. व्यायाम सुरू झाला की स्वादुपिंडातून इन्सुलिन कमी सुटतं आणि ग्लुकागॉन वाढतं. लिव्हरसाठी याचा अर्थ सरळ आहे, साठवणं थांबव आणि खर्च करायला लाग. लिव्हर याला उत्तरही देतं. व्यायामानंतर ते स्वतःची काही प्रथिनं रक्तात सोडतं, एफजीएफ-२१ हे त्यातलंच एक.

तिसरी वाट इंटरल्यूकिन-६ सारख्या निरोप्यांची.

आणि चौथी वाट सगळ्यांत सोपी, पण तुमच्या-आमच्या ताटाशी जोडलेली. भात, पोळी, साखरेचा चहा यातून येणारी साखर रक्तात उतरते तेव्हा तिला जागा हवी असते. सगळ्यांत मोठं कोठार स्नायूंचं. व्यायामाने हे कोठार रिकामं झालेलं असेल तर साखर तिथे जाते. स्नायू साखर घ्यायला कुरकुर करत असेल तर ती लिव्हरकडे वळते आणि लिव्हर तिची चरबी बनवतं.

२०११ मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी हे मोजून दाखवलं. त्यांनी तरुण, सडपातळ पण इन्सुलिनला नीट दाद न देणारी माणसं निवडली. त्यांच्याकडून फक्त एकदा, ४५ मिनिटं व्यायाम करून घेतला आणि मग भरपूर कर्बोदकं असलेला आहार दिला. स्नायूंमध्ये साठणारी साखर सुमारे तिप्पट झाली आणि लिव्हरमध्ये नव्याने बनणारी चरबी सुमारे ३० टक्क्यांनी घटली.

त्यात वजन कमी झालं नव्हतं, महिनोन्‌महिने डाएटही नव्हतं. एका व्यायामाचा हा परिणाम.

पुढे इतरही अभ्यासांत दिसलं की नियमित व्यायाम करणाऱ्यांच्या लिव्हरमधली चरबी कमी होते, काट्यावर वजन फारसं हललं नाही तरी.

पुण्यासाठी हे जास्त महत्त्वाचं का?

सडपातळ पण आतून चरबी साठलेली माणसं, हे वाक्य पुण्याला चांगलंच ओळखीचं आहे. रास्ता पेठेतल्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी बारीक-लठ्ठ भारतीय ही कल्पना जगासमोर मांडली.

२००४ मध्ये लँसेट या नियतकालिकात डॉ. याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण शरीरातल्या चरबीचं प्रमाण मोजलं तर युडकिन यांचं ९.१ टक्के आणि याज्ञिक यांचं २१.२ टक्के.

म्हणजे आपल्याकडे माणूस अंगाने बारीक दिसतो, पण स्नायू कमी आणि चरबी जास्त असू शकते. वरची चौथी वाट पुन्हा आठवा. स्नायूंचं कोठार मुळातच लहान असेल तर साखर लिव्हरकडे लवकर वळणार. म्हणून मी कुठे जाड आहे, या समजुतीवर आपल्याकडे कुणी बिनधास्त राहू नये. भारत सरकारनेही २०२१ मध्ये फॅटी लिव्हरचा समावेश असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात केला.

मग राजा बरोबर होता की अत्रे?

दोघंही, आपापल्या जागी.

अत्रेंनी ज्याची थट्टा केली तो अतिरेक होता. नमस्काराने प्रत्येक रोग बरा होत नाही. फॅटी लिव्हर झालेल्या माणसाने तपासण्या सोडून नुसते नमस्कार घालावेत, असं आजचं विज्ञानही सांगत नाही. आणि डेन्मार्क-अमेरिकेतले हे प्रयोग झाले ते व्यायामाच्या यंत्रांवर, सूर्यनमस्कारांवर नाही.

पण राजेसाहेबांच्या म्हणण्याचा गाभा टिकला. हातापायांचा व्यायाम हातापायांपुरता राहत नाही. मोठे स्नायू दमेपर्यंत कामाला लावले की त्याची खबर पोटातल्या अवयवांना जाते. स्नायूला खाली सायकल आहे की सतरंजी, याच्याशी देणंघेणं नसतं. किती वेळ आणि किती जोराने, एवढंच त्याला कळतं. सावकाश घातलेले चार नमस्कार हा हलका व्यायाम झाला. बोलताना धाप लागेल अशा गतीने वीस-पंचवीस मिनिटं घातले तर मांड्या, खांदे, छाती, पाठ सगळेच कामाला लागतात. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. अशी रोजची वीस-पंचवीस मिनिटं त्या हिशोबात बसतात.

आणि एका गोष्टीत तर भवानराव काळाच्या पुढे होते. ती गोष्ट म्हणजे रोज.

स्नायूंचा निरोप फार काळ टिकत नाही. एकदा व्यायाम केल्यावर स्नायू साखर चांगली उचलतात ती साधारण एक-दोन दिवस. मग कोठार पुन्हा भरतं, निरोप थांबतो आणि साखर जुन्या वाटेने लिव्हरकडे जायला लागते. रविवारी तीन तास ट्रेक करून सोमवार ते शनिवार खुर्चीत बसलं तर लिव्हरला आठवड्यातून एकदाच पत्र मिळतं.

औंधच्या राजाला यातलं रसायन माहीत नव्हतं. त्यांनी फक्त एवढं केलं की व्यायाम हा मनात आलं की करायचा प्रकार ठेवला नाही, तो शाळेच्या वेळापत्रकात बसवला आणि स्वतःच्याही. १९०८ च्या सुमारास धरलेला नेम त्यांनी म्हातारपणीही सोडला नाही.

सातारा रोडच्या कडेला, बिबवेवाडीतल्या एखाद्या गच्चीवर उद्या सकाळी कुणीतरी मॅट अंथरेल. रिपोर्टमधली ती ओळ त्याच्या डोक्यात असेल. बारा नमस्कार झाले की मांड्या भरून येतील, श्वास फुलेल आणि इथेच थांबावंसं वाटेल.

नेमकी तेव्हाच स्नायूंची पत्रं लिव्हरकडे निघालेली असतात. थोडं पुढे रेटायचं, आणि परवा नाही, उद्याच पुन्हा यायचं.